पद्माकरकाकांचे आठ आठवडे

"एकटा मी काही चालायला जाणार नाही. तू बरोबर येणार असशील तर बघू," पद्माकरकाका दारातच म्हणाले.

उत्तराला घाम फुटला. आई गेल्यापासून सात महिने ती दिल्लीतल्या मयूर विहारच्या या सोसायटीच्या गेटबाहेर पडली नव्हती. आरोग्य संवर्धनाचा अभ्यासक्रम तिने मुक्त विद्यापीठातून घेतला, तोही घरबसल्या करता येतो म्हणूनच. पण प्रात्यक्षिक चुकणार नव्हतं. एका माणसाला आठ आठवड्यांत एक चांगली सवय लावून दाखवायची होती. समोरच्या फ्लॅटमधले काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, एकटे, दिवसभर खुर्चीत बसलेले. त्यांच्याइतकं सोयीचं दुसरं कोण होतं?

"गेटपर्यंत येते," ती म्हणाली.

"बिल्कुल. गेटपर्यंतच."

पहिला आठवडा गेटपर्यंतच गेला. दुसऱ्यात काकांना कोपऱ्यावरची ताजी मेथी हवी झाली. चौथ्यात ते मेट्रो स्टेशनपर्यंत पोचले. गर्दीत उत्तराचा श्वास अडकायला लागला, की नेमके काकाच दमायचे.

"थांब गं जरा, गुडघे बोलतायत."

मग दोघं बाकावर बसत. असंच एकदा काकांनी विचारलं, "तुझी आई पोहे कसे करायची?" उत्तरा सांगता सांगता रडायला लागली. काका उठून दोन नारळपाणी घेऊन आले.

घरी येऊन तिने वहीत लिहिलं : सहभागी व्यक्ती आता मोकळेपणाने बोलते. प्रगती चांगली.

सातव्या आठवड्यात काका गुपचूप जिलबी खाताना सापडले. ते घरी सांगताना ती खळखळून हसली. तिचे बाबा, जयंत, हातातलं लाटणं तसंच धरून ऐकत राहिले.

तोंडी परीक्षेच्या दिवशी तिने काकांना बरोबर चला म्हटलं. "आज नाही जमणार, यार. तू जा," काका म्हणाले.

ती गेली. मॅडमनी अहवाल चाळला आणि हिंदीत म्हणाल्या, "आठ आठवड्यांत एवढा बदल? शाबास!"

उत्तरा तरंगतच बाहेर आली. मागून शिपायाने पुढचं नाव पुकारलं, "पद्माकर देवस्थळी!"

व्हरांड्यातल्या बाकावरून काका उठले. हातात तिच्यासारखीच फाइल होती. चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा करून ते उभे राहिले. उत्तराने फाइल घेतली आणि उघडली.

सहभागी व्यक्ती : शेजारची मुलगी, वय बावीस. उद्दिष्ट : घराबाहेर पडणे.

शेवटची नोंद घाईघाईत पेनाने केलेली होती. शाई अजून ओलीच होती.

'आज मेट्रोने एकटी आली. मी मागच्या डब्यात होतो, हे तिला कळलं नाही.'