मनाचं बळ

बस चालवणाऱ्या भाऊजींच्या हृदयात स्टेंट बसला, तेव्हा त्यांच्या बायकोचा मोठा भाऊ भेटायला आला आणि तासभर स्वतःचीच टिमकी वाजवत बसला. गेल्या वर्षी त्यालाही स्टेंट बसला होता.

"रक्त पातळ करायच्या त्या गोळ्या मी महिन्याभरात कचऱ्यात टाकल्या, भाऊजी! माणसाकडे मनाचं बळ हवं. गोळ्या भित्र्यांसाठी असतात."

भित्रा म्हणवून घेणं भाऊजींना कसं झेपावं? त्यांनी दुसऱ्याच दिवशी गोळ्या बंद केल्या. बायकोने परोपरीने विनवलं, तर म्हणाले, "तुझाच दादा सांगतोय ना?"

पुढच्याच आठवड्यात ते दाढी करता करता छाती धरून कोसळले. हॉस्पिटलात डॉक्टर आतून घाईने बाहेर आले आणि तिला म्हणाले, "स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी झालीय. गोळ्या बंद का केल्या? आता काहीच सांगता येत नाही."

दादा आपल्या बायकोला घेऊन धावत आला. रडणाऱ्या बहिणीशेजारी ऐसपैस बसला आणि सुस्कारा टाकून म्हणाला, "तुझा नवरा मनानेच कच्चा गं. नाहीतर मला बघ."



तेवढ्यात वहिनीने पर्समधून गोळी काढून पाण्याची बाटली पुढे केली. "अहो, घाईघाईत तुमची रक्त पातळ करायची गोळी राहिली. आधी घ्या बघू. एक दिवसही चुकू द्यायची नाही, असं तुम्हीच बजावलंय ना मला?"