सिंकमधले सहा मासे

गोठलेल्या तळ्यावर अख्खा दिवस काढून ऑर्लन घरी आला आणि त्याने सहा पर्च मासे ओट्यावर खाडकन ओतले. "सकाळीच धरलेत! बर्फावर पडून पडून लाकूड झालेत बघ," तो मिशीतला बर्फ झटकत म्हणाला.

सिग्ने नवऱ्याला चांगली ओळखून होती. हा दिवसभर शेजारच्या व्हर्नच्या खोपटात पत्ते कुटतो आणि येताना त्याच्याकडचेच शिळे मासे उचलून आणतो, याची तिला खात्री होती. फक्त पुरावा हाती लागत नव्हता.

"कळेलच आता," म्हणत तिने मासे सिंकमध्ये गार पाण्यात टाकले. "नरम झाले की साफ करताना कल्ले बघते. शिळे निघाले तर उद्यापासून तुझं तळं बंद. ताजे निघाले तर मी माफी मागते."

"बघ ना, खुशाल बघ!" ऑर्लन म्हणाला खरा, पण सिंककडे पाठ करून कॉफी ओतू लागला.

अर्ध्या तासाने सिंकमध्ये एक शेपटी हलली. मग दुसरी. तिसऱ्याने तर अशी उसळी मारली की सिग्नेचा चष्मा भिजला. एवढे ताजे मासे तिने आयुष्यात पाहिले नव्हते. ती ओशाळली आणि माफी मागायला वळली.



ऑर्लन खुर्चीवर चढून ओरडत होता, "अगं, पण व्हर्न तर म्हणाला, परवाचे आहेत!"