कंबर छत्तीस

लढाईच्या दुसऱ्या वर्षी रेशन इतकं आटलं, की गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका शिंपीणबाईंकडे आपले झगे आवळून घ्यायला येऊ लागल्या. एकदा भोंगा वाजला म्हणून त्या गळ्यातल्या टेपसकट तळघरात पळाल्या, तर तिथे खानावळवाल्या काकू फुलाफुलांचं नवंकोरं कापड घेऊन बसलेल्या. एकेकाळी दारात न मावणाऱ्या काकूंची आता पार काडी झाली होती.

शिंपीणबाईंनी माप घेतलं. "कंबर सव्वीस."

"छत्तीस धर."

"अहो काकू, झगा घसरून पायात येईल!"

वर कुठेतरी बॉम्ब पडला. छताची माती दोघींच्या डोक्यावर आली. काकूंनी आधी कापड झटकलं.



"तू छत्तीसच धर गं. एकदा लढाई संपू दे, मग बघ मी कशी जेवते ते!"