खिडकी बंद कर

विनिपेगच्या ऑफिसात ब्रिंडिस सामायिक कोड नव्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या नव्या कोठारात, हलवत होती. सोबत जुने कमिट मेसेजही, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदीही, येत. ते हुकूम सोडल्यासारखे लिहायचे, हा या धंद्यातला रिवाज. एक मेसेज होता: ‘खिडकी बंद कर.’

ही खिडकी म्हणजे स्क्रीनवरची चौकट; तिचा कोड जुन्या रिपॉझिटरीतच राहिला होता, म्हणून ब्रिंडिसने मेसेज बदलला. कोड हलवणारी स्क्रिप्ट चालवली, तर मेसेजच्या जागी उमटलं: ‘खिडकी बंद कर, ब्रिंडिस.’

“लॉर्न, चावटपणा पुरे!”

“मी कशाला मरायला हात लावू?” शेजारच्या टेबलावरून लॉर्न म्हणाला. “आणि इथली एकुलती एक खिडकी रंगाने चिकटून कायमची बंद आहे, बाई.”

तिने पुन्हा बदललं. पुन्हा तेच आलं.

ब्रिंडिस पेटली. तिने दणादण टाइप केलं: ‘नाही करत, जा! तूच कर.’

तिच्या पाठीमागे ती बंद खिडकी धाडकन बंद झाली.