बारा कप

पंचावन्न कपांपैकी त्रेचाळीस कप भट्टीत जायच्या आधी, नुसते वाळतानाच तडकले. समाजमंदिरातल्या फळीसमोर प्रशिक्षणाचे सर कपाळाला हात लावून उभे होते. नागपूरहून येऊन महिनाभर त्यांनी अर्जुनीच्या कुंभारांना पांढरे कप शिकवले होते, आणि कोणाचे कप टिकतात त्यावरून विजेचं चाक कोणाच्या घरी जाणार ते आज ठरायचं होतं.

"ही बॉल क्ले आहे," सर म्हणाले. "लोण्यासारखी वळते, पण वाळताना तितकीच आकसते. म्हणून तर गारगोटीची भुकटी मिसळा म्हटलं होतं ना?"

म्हटलं होतं, सगळ्यांनी ऐकलंही होतं. पण इतकी चिकण माती या हातांना जन्मात लागली नव्हती. दिसायला काळपट, भाजली की पांढरी, आणि चाकावर मागाल तो आकार देणारी. तिच्यात दगडाचा चुरा घालायचा? "अशा मातीत रांगोळी कायले कालवता बे?" असं त्यांच्यातला गोवर्धनच पहिल्यांदा म्हणाला होता, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या होत्या.

बारा कप मात्र धड होते. तेही गोवर्धननेच फिरवलेले. सरांनी एक उचलून उजेडात नीट पाहिला.

"यात भुकटी आहे. कोणी मिसळली?"

ओल्या पोत्यांपाशी गोवर्धनची बायको रविता उभी होती. माती मळायची बायकांनी, चाक फिरवायचं पुरुषांनी. बाईचा हात चाकाला चालत नाही. मळता मळताच तिच्या तळव्यांना कळलं होतं, ही माती दगा देणार. शेवटचा गोळा तिने नवऱ्याला न सांगता भुकटी घालून मळला होता. हे नवं चाक आपल्या नावावर झालं तर आपल्याला त्यावर बसता येईल, एवढंच महिनाभर तिच्या मनात होतं. तिने तोंड उघडलं.

"म्या मिसळली," गोवर्धन म्हणाला.

"वा! प्रमाण काय घेतलं?"

गोवर्धनने बायकोकडे पाहिलं. चारचौघांत तो खोटा पडणार होता. रविताला ते बघवलं नाही.

"मातीच्या निम्मी भुकटी," नवऱ्याकडे बोट करत ती म्हणाली. "यायनंच सांगतलं होतं मले."

सरांनी कागदावर गोवर्धनचं नाव लिहिलं. त्याला लाजसुद्धा वाटली नाही.

संध्याकाळी चाक अंगणात उतरलं. गोवर्धनने त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. रविता जवळ आली.

"अवो, हे तं मशीन आहे. एक डाव बसू द्या नं मले."

"येडी झाली का? चाक ते चाक." मग त्याचा आवाज मऊ झाला. खोबऱ्याचा मोठा तुकडा त्याने तिच्या हातावर ठेवला. "पण माती तूच मळत जाजो. मले त्या भुकटीचं काही समजत नाही."