तिसरा साचा

पहिल्या साच्यात पुंगळी सैल पडली.

"हा फौजदारांच्या पिस्तुलाचा," मडिवाळप्पा पुटपुटला आणि साचा बाजूला ठेवला. सोलापूरच्या सात रस्त्याजवळ त्याचं बंदूकदुरुस्तीचं दुकान. उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी साच्यात दाबून मापात आणायची आणि पुन्हा भरायची, हे त्याचं खास काम. प्रत्येक जातीच्या पिस्तुलाला साचा वेगळा. चुकीचा निवडला की पुंगळी चिरलीच म्हणून समजा.

समोर पायरीवर धुळा बसला होता. माढ्याकडचा म्हातारा धनगर, खांद्यावर घोंगडं. एक पुंगळी घेऊन एवढ्या लांब आला होता बिचारा.

"दारू नगं, मालक. निस्ती गोळी बसवा, तोंड बंद करा," तो म्हणाला. "दसऱ्याच्या आदल्या सांजंला माझा एकुलता सिदू गेला. शिट्टी घालून मेंढरं वळवत हुता, तवाच कुनीतरी गोळी घातली. दरोडेखोर असत्याल म्हनले पोलीस, आन् गेले. ही पुंगळी मागनं त्येच्या आईला, केराबाईला, गवतात गावली. तिनं दाराला टांगलीया. वारं सुटलं की शिट्टी वाजती, आन् केराबाई ताट वाढून बाहेर पळती. सिदू आला म्हनती. लई वंगाळ हाय बगा. आज ती झऱ्यावर गेली, तवा सोडून आनली. भरली की गप ऱ्हाईल."

मडिवाळप्पाचा जीव कळवळला. त्यालाही एकुलता एकच. शिवयोगी वर माडीवर निजून होता. दसऱ्यापासून पोराचं काय बिनसलं होतं कोण जाणे! कानात शिट्टी वाजते म्हणायचा, कापसाचे बोळे कोंबून भिंतीकडे तोंड करून पडायचा. वैद्य झाले, डॉक्टर झाले, त्याच्या आईचे, शांतम्माचे, नवस झाले. शिकारीत कानाजवळ बार उडाला असेल, अशी बापानं स्वतःची समजूत घातली होती.

दुसरा साचा इनामदारांच्या पिस्तुलाचा. पुंगळी तोंडाशीच अडली.

मग त्यानं ती नीट उजेडात धरली, आणि हळूच खण ओढला.

खणात तळाशी, तेलकट फडक्यात, तिसरा साचा होता. गिरणीतला गोरा साहेब मायदेशी जाताना एक पिस्तूल विकून गेला होता. बार उडाला की रिकामी पुंगळी आपोआप बाहेर फेकणारं. शिवयोगीनं हट्ट धरून ते घेतलं. त्याची काडतुसं सोलापुरात मिळेनात, म्हणून बापानं लेकासाठी स्वतःच्या हातानं साचा घडवला. सगळ्या जिल्ह्यात तसलं पिस्तूल एकच.

फडकं सोडायचं नव्हतं. तरी बोटांनी ते सोडलं. पुंगळी घरी आल्यासारखी आत बसली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शिवयोगी सशाच्या शिकारीला गेला होता. अपरात्री हात हलवत परत आला आणि न जेवता निजला. कुठं गेला होतास, हे बापानं विचारलंही नव्हतं.

"बसली का, मालक?"

"नाही बसत," मडिवाळप्पा घाईनं पुंगळी ओढून काढत म्हणाला. "ह्याचा साचाच नाही माझ्याकडं, बाबा."

खोटं होतं ते. पण पोटचा गोळा होता तो! आपल्या हातानं फासावर द्यायचा? देवा सिद्धरामा, एवढा म्हातारा माघारी जाऊ दे. एवढं निभावून ने.

धुळानं वाद घातला नाही. "नशीब आमचं," म्हणाला. "आज बी ताट वाढील ती." पुंगळी चिमटीत धरून तो पायरी उतरला. रस्त्यावर वारं सुटलं होतं. पुंगळीच्या तोंडावरून ते गेलं आणि बारीक, लांब शिट्टी वाजली. माळावर कुणीतरी मेंढरं वळवत असल्यासारखी.

माडीवर धपकन आवाज झाला. "अप्पा!" शिवयोगी किंचाळला. "तो इथं आला! दार लावा, अप्पा!"

मडिवाळप्पाची नजर धुळाच्या चिमटीकडे गेली. इतके दिवस लेकाच्या कानात वाजणारी शिट्टी आज त्यानं स्वतः ऐकली होती.

धुळा परत फिरला. वर माडीकडे बघत हळूच म्हणाला, "पोरगं आजारी हाय व्हय, मालक?"

मडिवाळप्पानं कशीबशी मान हलवली. धुळानं कनवटीची पिशवी सोडली, चिमूटभर पिवळा भंडारा काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"आमच्या बिरुबाचा हाय. लेकराच्या कपाळाला लावा. बरं हुईल. एकाचं तरी लेकरू ऱ्हावं की."

भंडारा घेतलेला तळहात मिटेना. मडिवाळप्पाच्या डोळ्यांना धार लागली. मग तो जिन्यापाशी गेला आणि कठडा धरून वर बघत म्हणाला,

"शिवयोगी, कानातला कापूस काढ आणि खाली ये. सिदूचा बाप आलाय."