अपलोडची मर्यादा

“अजून चार टक्क्यांवरच आहे,” स्पीकरवरून धाकट्याचा आवाज आला. “तू मुद्दाम रोखून धरलंयस.”

थोरल्याने दातओठ खाल्ले. वडील गेले, घर विकलं, वाटणीवरून दोघे भाऊ बोलायचे थांबले ते थांबलेच. मग थोरल्याला माळ्यावर वडिलांच्या आवाजातल्या टेप सापडल्या. त्याने त्या कॉम्प्युटरवर उतरवल्या. धाकट्याला त्या हव्या होत्या, पण पार्सलवर त्याचा विश्वास नव्हता. चार टेप मधल्यामध्ये गाळशील, म्हणाला. म्हणून दोघांनी फाइल थेट या मशीनवरून त्या मशीनवर नेणारं सॉफ्टवेअर टाकलं. त्यासाठी दोन्हीकडची मशीनं एकाच वेळी चालू असावी लागतात. त्यामुळे रोज संध्याकाळी फोन, आणि फोनवर रोज तेच. तुझं बंद आहे. नाही, तुझंच बंद आहे.

“आज आलं नाही तर संपलं,” धाकटा म्हणाला. “यापुढे तू तुझ्या घरी, मी माझ्या.”

थोरला मनातून हादरला. बापाचा आवाज दाबून ठेवणारा भाऊ, हा शिक्का जन्मभर पुसला गेला नसता. त्याने नेटवाल्याला बोलावून घेतलं होतं. नेटवाल्याने राउटर पाहिला. पोर्ट उघडा होता. फायरवॉलही आडवी येत नव्हती. मग त्याने सॉफ्टवेअरचं सेटिंग उघडलं आणि मान हलवली.

“अपलोडची, म्हणजे फाइल पाठवायच्या वेगाची मर्यादा कोणीतरी एकवर आणून ठेवलीय. फाइल नुसती ठिबकतेय. मागच्या खेपेला मी शून्य टाकून गेलो होतो. शून्य म्हणजे मर्यादाच नाही.”

“चुकून झालं असेल.”

“चुकून कसलं? न कळणारा माणूस बंद करायला शून्य टाकतो, आणि ते उलट सुसाट सुटतं. एक टाकणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.”

“बघा, घरातच चोर!” फोन कडाडला.

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. तिचं आणि दिराचं कधीच पटलं नव्हतं.

“माझ्याकडे काय बघता? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

“मग काय भुताने केलं?” थोरला तिच्यावर चिडला.

“मी केलं,” कोपऱ्यात बसलेली आई म्हणाली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही. “मागच्या वेळी हा नेटवाला तुला समजावत होता, तेव्हा मी इथेच बसले होते की.”

“अगं, पण का?”

“सगळं पोचलं की तुम्ही फोन ठेवणार. कायमचा.” तिच्या हातातली घडी विस्कटली. “ह्यांचा आवाज कुठे पळून जातोय? तुम्हा दोघांचा एका खोलीत ऐकून किती वर्षं झाली रे. भांडा हवं तर, पण ऐकू येऊ द्या.”

थोरल्याला तिच्याकडे बघवेना. काय करावं न कळून नेटवाला “शून्य करतो,” म्हणत एकाच्या जागी शून्य टाकू लागला.

“थांबा,” फोनमधून घोगरा आवाज आला. “दादा, एकच राहू दे. उद्या बघू.”